मुलांच्या दातांच्या तारा : पालकांच्या काही शंका

‘दुधाचे दात पडणारच, मग त्यांची काळजी कशाला?’ असे रिसोड-मानोऱ्याकडील पालक हमखास विचारतात. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमच्या दातास वाट उरत नाही. वेडेवाकड्या दातांचे एक कारण हेच होय. म्हणून वयाच्या ७ व्या वर्षी एकदा तपासणी करून घ्यावी. तारा बहुधा १२-१३ व्या वर्षाच्या सुमारास बसवितात.

तारेच्या हलक्या, सततच्या दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड विरते व दुसऱ्या बाजूस नवे भरते. हे काम सावकाश चालते. त्यास १८ ते २४ महिने लागतात. सोयाबीनच्या हंगामात दरमहाच्या फेऱ्या थांबल्या, की तारांभोवती अन्न साचून चांगले दातही किडू लागतात. नियमित येणे शक्य नसल्यास तूर्त तारा न लावणेच हिताचे, मग मुलगी कितीही हट्ट करो. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही हे उपचार होतात. मात्र प्रवासखर्चाचा हिशेब आधी करावा.

तारा निघाल्यावर रिटेनर वापरावा लागतो, अन्यथा दात पुन्हा जुन्या जागी सरकू लागतात.