चौकटीतले वीर (१४) : यंत्रमानव नोकरीला लागतो

गेल्या आठवड्यात एक्स-५१ला, म्हणजे मार्व्हलसाठी जॅक किर्बीने घडवलेल्या मशीन मॅन या यंत्रमानवाला, लष्कराच्या तावडीतून सोडवून आपण थांबलो होतो. आज त्याची १९८४ची चार अंकांची मालिका घ्यायचं कबूल केलं होतं, पण ती लांबणीवर टाकतो. कारण मधल्या काळात मुगभाटातून एका वाचकांचं पत्र आलं. ते लिहितात : "किर्बी गेला आणि मशीन मॅन संपला, असं जो तो म्हणतो. मग आमच्या बहादूरचाही लेखक बदलला होता की! तो कसा काय तगला?"

प्रश्न असा नेमका आहे की त्याला भागाच्या शेवटी दोन ओळींत उरकणं बरं नव्हे.

आधी यंत्रमानवाचा हिशोब पुरा करू. किर्बीचा नववा अंक डिसेंबर १९७८चा. त्याच सुमारास तो मार्व्हल सोडून ॲनिमेशनकडे वळला आणि मालिका बंद पडली. मधल्या काळात आपला नायक हल्कच्या मासिकात तीन अंक पाहुणा म्हणून जाऊन आला. किर्बीने अर्धवट सोडलेले धागे तिथे कसेबसे बांधले गेले. मग ऑगस्ट १९७९मध्ये दहावा अंक आला. हल्ली नवी मंडळी आली की लगेच 'अंक पहिला' छापतात. तेव्हा तसली हौस नव्हती, आकडा गुमान पुढे चालू राहिला. लेखन मार्व वुल्फमनचं, चित्रं स्टीव्ह डिट्कोची. हा तोच डिट्को, ज्याने १९६२मध्ये स्टॅन लीबरोबर स्पायडरमॅन उभा केला.

या जोडीने काय केलं, तर यंत्रमानवाला नोकरी लावली. डेलमार नावाच्या विमा कंपनीत! ॲरन स्टॅक या माणसाच्या नावाने तो कामावर जातो, दावे खरे की खोटे ते तपासतो, सहकाऱ्यांची बोलणी खातो. गिरगावात वाढलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. वाडीत निम्मी बिऱ्हाडं विमा, बँक नाहीतर रेल्वेची. त्यात हा एक भाडेकरू सहज खपून गेला असता. लांब होणाऱ्या हातांनी नळावर लांबूनच नंबर लावला असता, एवढाच काय तो फरक.

किर्बीचा यंत्रमानव या जातीचा नव्हता. एक्स मालिकेतली यंत्रं बिथरली म्हणून लष्कराने ती सगळी स्फोटकांनी उडवून द्यायचं ठरवलं. डॉक्टर एबल स्टॅकने या एकाला मुलासारखं वाढवलं होतं. त्याने त्याच्या शरीरातलं स्फोटक काढून घेतलं, त्याला पळून जायला सांगितलं आणि स्वतः त्या स्फोटात गेला. किर्बीच्या नऊही अंकांवर या बापाची सावली आहे. वुल्फमनने बाप मागे सारला आणि ऑफिस पुढे आणलं. माझ्या मते कल्पना म्हणून ही किर्बीपेक्षा उणी नाही. माणूस व्हायचंय ना? मग ये, साडेनऊला सही कर, साहेबाचं तोंड बघ. माणूसपणाची याहून कडक परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

पण अंक उघडला की वाचकाला धक्का बसे तो चित्राने. किर्बीची शरीरं ओतीव लोखंडाची : छाती चौकटीत मावत नाही, मूठ वाचकाच्या नाकावर येते. डिट्कोची माणसं सडपातळ, मनगटात मुडपलेली, बोटांनी बोलणारी. लांबणाऱ्या हातापायांचा खेळ त्याने किर्बीपेक्षा कितीतरी जास्त मजेत खेळला. तरी जुन्या वाचकाला वाटलं, हा आपला नव्हेच. पंधराव्या अंकापासून लेखनाला टॉम डिफाल्को आला. एकोणिसाव्या अंकाशी, फेब्रुवारी १९८१मध्ये, मालिका पुन्हा बंद. म्हणजे किर्बीचे नऊ आणि डिट्कोचे दहा. 'किर्बी गेला आणि संपला' हे बोलणं आकड्यांत बसत नाही, पण वाचकांच्या मनात तेच घट्ट बसलं.

आता बहादूर. तो यंत्र नाही, उडत नाही, त्याच्या अंगात कसलीच दैवी शक्ती नाही. कुर्ता आणि जीन्स घातलेला जयगढचा पोरगा. डिसेंबर १९७६मध्ये 'इंद्रजाल' कॉमिक्समध्ये अवतरला. त्याचा कर्ता आबिद सुरती : आपल्या डोंगरीत वाढलेला, जे. जे.मध्ये शिकलेला, 'धर्मयुग'मधल्या ढब्बूजीचा बाप. बहादूरचा बाप भैरवसिंग दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीने मेलेला. आणि गोळी घालणारा विशाल हाच पोराला वाढवतो. सूड घ्यायचा की बापाची पापं फेडायची, या पेचातून नागरिक सुरक्षा दल जन्माला येतं. (एक्स-५१चा बाप आठवला ना? दोन्हीकडे मेलेला बापच गोष्ट हाकतो.)

पुढे सुरती बाजूला झाले आणि कथा जगजित उप्पल लिहू लागले. खोऱ्यातले दरोडेखोर हळूहळू मागे पडले, गुन्ह्यांची जात बदलली. वुल्फमनने केलं त्याहून हा बदल लहान नव्हता. तरी चाळीच्या जिन्यात बसून अंक फिरवणाऱ्या आम्हा पोरांत यावर कधी चर्चा झाल्याचं स्मरत नाही. अंक कोणी आधी वाचायचा यावर मारामारी, एवढंच.

कारण चित्रं गोविंद ब्रह्मनियांचीच राहिली. आणि गोविंद आम्हाला बहादूरबरोबर भेटलेच नव्हते. मार्च १९६४मध्ये टाइम्सने बोरीबंदरहून 'इंद्रजाल' सुरू केलं, तेव्हा सुरुवातीच्या अंकांची रंगीत मुखपृष्ठं बी. गोविंद यांची होती, म्हणजे याच ब्रह्मनियांची. आतला वेताळ, म्हणजे फँटम, अमेरिकी हाताचा, पण रद्दीवाल्याच्या दोरीवर लटकताना जो दिसायचा तो गोविंदांचा. बहादूर आला तेव्हा हा हात आमच्या ओळखीचा होऊन बारा वर्षं झाली होती. नंतर मुलाने, प्रमोद ब्रह्मनियांनी, चित्रं हाती घेतली तीही घरातूनच उचलल्यासारखी.

उलटा पुरावाही वेताळातच आहे. ली फॉकने १९३६पासून १९९९मध्ये मरेपर्यंत वेताळ लिहिला, लेखक एकच. चित्रकार मात्र बदलत गेले. विल्सन मकॉयचा वेताळ साध्या जाड रेघेचा, जवळजवळ पाटीवर काढल्यासारखा. १९६१मध्ये मकॉय वारला आणि साय बॅरी आला. स्नायू, सावल्या, जंगलाची खोली, सगळंच बदललं. 'इंद्रजाल'ने दोघांच्याही कथा आलटून पालटून छापल्या. लेखकाचं नावही न वाचणारी आमची पोरं पहिल्या पानावरच म्हणायची, "हा जाड्या वेताळ नको, तो दुसरा आण."

तेव्हा मुगभाटकरांना माझं उत्तर असं : चित्रकथेत वाचक ओळख ठेवतो ती हाताची. लेखक एकटा बदलला तर कथा वळण घेते आणि वाचक मागोमाग जातो, बहादूरच्या बाबतीत गेला तसा. मशीन मॅनचे दोन्ही हात एकदम गेले. वुल्फमनची ती विमा कंपनी किर्बीनेच काढली असती तर, असा विचार मी अनेकदा करतो. त्या छातीचा माणूस फायली घेऊन बसलाय, खुर्ची वाकलीय... मी तरी तो अंक सोडला नसता.

१९८४च्या मालिकेचं पुढच्या आठवड्यात, आता नक्की. ती २०२०मध्ये घडते, लेखक पुन्हा डिफाल्को, आणि चित्रांत हर्ब ट्रिम्पच्या रेखाटनांवर बॅरी विंडसर-स्मिथची शाई आहे. ज्यांच्याकडे अंक असतील त्यांनी काढून ठेवा. कुठली रेघ कोणाची ते शोधत बसायचंय.