शाळेच्या पाटीवर ‘सेंट’ आणि ‘कॉन्व्हेंट’ : या नावांमागे नेमकं कोण?

चाळीसगाव : जून जवळ आला की गावात बियाण्याबरोबर शाळेचीही चौकशी सुरू होते. बातम्या देतो म्हणून लोक मला विचारतात, “भाऊ, पोऱ्याले कॉन्व्हेंटमा टाकू का?” पिवळी गाडी दारात येते, पाटीवर ‘सेंट’ नाहीतर ‘कॉन्व्हेंट’ असतं. फी भरायला कुणी राहिलेला कापूस विकतं, कुणी उसनवारी करतं. म्हणून ही नावं आली कुठून, ते आधी समजून घेऊ.

कॉन्व्हेंट म्हणजे काय?

कॉन्व्हेंट म्हणजे कॅथलिक सिस्टरांचा मठ. त्यांनी मठाला जोडून शाळा काढल्या, त्यावरून ‘कॉन्व्हेंट शाळा’ हा शब्द पडला. ‘सेंट’ म्हणजे संत. आपल्याकडं ओळखीचं नाव सेंट झेवियर. हे फ्रान्सिस झेवियर येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट. या संघात फक्त पुरुष असतात. त्यामुळे खरं पाहता जेझुइटांची शाळा ही कॉन्व्हेंट नव्हेच.

तिशीनंतर बाकावर बसलेला सैनिक

येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे स्पेनचे. १५२१ च्या लढाईत तोफगोळ्यानं त्यांचा पाय मोडला. पुढं तिशी उलटल्यावर ते पोरांबरोबर बसून लॅटिन शिकले. नंतर पॅरिसला शिकताना झेवियर आणि इतर सोबती मिळाले. १५४० मध्ये पोपनी संघाला मान्यता दिली. १५४२ मध्ये झेवियर गोव्यात उतरले. १५४८ मध्ये इटलीतल्या मेसिना शहरात संघानं विद्यालय काढलं, तिथं शिकवण्याची फी नव्हती. तिथून हे काम जगभर पसरलं. आपल्या राज्यात पुण्याची सेंट व्हिन्सेंट शाळा १८६७ ची, तर मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं.

धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच, ते लपवायचं कारण नाही. पण त्यांची एक रीत बघण्यासारखी आहे. जिथं जायचं तिथली भाषा आधी शिकायची.

मराठी शिकलेला इंग्रज

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. ते मराठी शिकले आणि ‘ख्रिस्तपुराण’ हा हजारो ओव्यांचा ग्रंथ लिहिला. तो १६१६ मध्ये छापला गेला. त्यात त्यांनी मराठी भाषेची थोरवीही गायली आहे.

आणि आता? माझ्या पुतण्याला त्याच्या शाळेत मराठी बोलला म्हणून दहा रुपये दंड झाला. घरी अहिराणी बोलणारं पोरगं, महिनाभर वर्गात तोंडच उघडेना. पाटी मात्र ‘सेंट’ची!

शिकवणं वर्गापुरतंच नसतं

शेतकऱ्यांच्या कामाचं उदाहरण नगर जिल्ह्यातलं आहे. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी तिथं पाणलोटाचं काम उभं केलं. १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था सुरू झाली, तिचे ते एक संस्थापक. नुसता पैसा वाटला नाही. गावानं श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, कामाचं नियोजन गावानंच शिकून करायचं, अशी पद्धत ठेवली.

मग प्रवेश घेताना काय बघायचं?

‘सेंट’ नाव कुणीही लावतं. देशातल्या सगळ्या सेंट झेवियर शाळाही येशूसंघाच्या नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी एवढं विचारा :

१. शाळा कोणती संस्था चालवते? मान्यता कितवीपर्यंत आहे?

२. शाळेचा ११ अंकी युडायस नंबर काय? तो घेऊन युडायस प्लसच्या साइटवर शाळेची माहिती मोबाइलवर बघता येते.

३. अल्पसंख्याक दर्जा आहे का? तो असेल तर आरटीईच्या २५ टक्के मोफत जागा त्या शाळेला बंधनकारक नाहीत. नुसतं नाव ‘सेंट’ आणि दर्जा नाही, अशी खासगी विनाअनुदानित शाळा असेल तर त्या जागांची चौकशी जरूर करा.

४. शिकवणारे डी.एड., बी.एड. आहेत का? पोराला न समजलेलं ते मराठीत सांगतात का?

चौथ्या प्रश्नाला शाळेनं कपाळाला आठ्या घातल्या, तर झेरॉक्स काढायची घाई करू नका. गावातली जिल्हा परिषदेची शाळाही एकदा आत जाऊन बघून या.