आपलेच गाव पाहावयास निघताना

परगावचा पाहुणा घरी आला की लहान गावातील गृहस्थ थोडासा संकोचतो. ‘आमच्या गावी पाहण्यासारखे आहे तरी काय!’ असे म्हणून तो पाहुण्याला एखाद्या देवळात नेऊन आणतो आणि उरलेला वेळ जेवणात व गप्पांत घालवितो. हा संकोच विनयाचा आहे असे आपण समजतो; परंतु पुष्कळदा तो अज्ञानाचा असतो. ताजमहाल कोणी बांधला हे ज्या मुलाला तोंडपाठ आहे, त्याला रोजच्या वाटेवरचा घाट कोणी बांधला असे विचारले, तर तो आजोबांच्या तोंडाकडे पाहतो. आणि आजोबाही कित्येकदा गप्पच राहतात.

हे अज्ञान दूर करण्याचा एक सुखकर मार्ग अलीकडे अनेक गावी रूढ होत आहे. दहा-वीस मंडळींनी एखाद्या जाणत्या माणसाबरोबर सकाळच्या प्रहरी पायी निघावयाचे, गावातील जुन्या वास्तू पाहावयाच्या व त्यांची हकीकत ऐकावयाची, असे तिचे स्वरूप असते. कोणी तिला वारसाफेरी म्हणतात, कोणी ‘हेरिटेज वॉक’ हा इंग्रजी शब्दच योजतात. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन येतो, त्या सुमारास अशा फेऱ्या विशेष निघतात. उपक्रम स्तुत्यच आहे. तथापि त्यात एक उणीव राहून जाते. ही फेरी देवळे, घाट व वेशी पाहते, पण घरांच्या दारापाशी थबकते; आणि लहान गावाचा इतिहास तर मुख्यत्वे घरांतच राहिलेला असतो. हे विधान पटावे म्हणून कृष्णाकाठच्या वाईचे उदाहरण घेऊ.

वाईची फेरी अर्थातच घाटावरून सुरू व्हावयाची. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह ही नावे उच्चारली तरी गावाची बांधणी डोळ्यांपुढे उभी राहते. आळी तेथे घाट, आणि घाट तेथे कृष्णाबाईचा उत्सव. १६५९ साली अफझलखान वाईस तळ देऊन होता. त्या संकटाच्या वेळी केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असे गावात परंपरेने सांगतात.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ साली बांधिले. मूर्तीची भव्यता पाहून यात्रेकरू हात जोडतो व परत फिरतो. फेरीत निघालेल्याने मात्र देवळाच्या पाठीमागे जावे. तेथील भिंत सरळ नसून माशाच्या आकाराची, टोकदार केलेली आहे. पुराचा लोंढा तीवर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा, हा त्यातील हेतू. नदीशी वैर न करता तिला वाट करून देणारा तो कारागीर कोण, हे कोणत्याही शिळेवर कोरलेले नाही. जवळच काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे. ते १७५७ साली आनंदराव भिकाजी रास्ते यांनी उभारिले. त्यापुढील काळ्या दगडाचा गुळगुळीत नंदी पाहून मुलांचे हात आपसूक त्याच्या पाठीवरून फिरतात.

१७५७ व १७६२ या दोन सालांच्या मध्ये एक साल येते, ते १७६१. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच भिकाजी नाईक रास्त्यांच्या कन्या. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांचा ज्येष्ठ पुत्र विश्वासराव पडला, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात पतीही निवर्तले. ज्या गणपतीपुढे आपण उभे राहतो, तो गोपिकाबाईंच्या भावाने या आघातानंतर अवघ्या एका वर्षाने बांधविला. एवढे सांगितले की दगड बोलू लागतो, आणि पाठ्यपुस्तकातील पानिपत आपल्या आळीतील एका घराचे दुःख होऊन बसते.

येथून फेरीने देवळांकडून घरांकडे वळावे. पानिपतच्या प्रसंगाविषयी आज आपणांस जे विश्वसनीय ज्ञान आहे, त्याच्या उगमाशी याच वाईतील एका घराचा संबंध आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना वाईस जुन्या कागदपत्रांचा संग्रह मिळाला. त्यातील १७५० ते १७६१ या काळातील अस्सल पत्रे त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध केली. तोवर पानिपत म्हणजे बखरकारांनी सांगितलेली कथा होती. राजवाड्यांनी प्रस्तावनेत बखरींतील प्रमाद निर्भीडपणे दाखविले, आणि प्रत्यक्ष मोहिमेवर असलेल्या माणसांची पत्रे वाचकांपुढे ठेविली. या मालेचे पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मराठ्यांच्या इतिहाससंशोधनाचे हे सारे वैभव, म्हणावयाचे तर, कोणीतरी जुने कागद जाळले नाहीत व विकले नाहीत या एका साध्या गोष्टीवर उभे आहे. त्या घरातील माणसांना हे कागद वाचता येत होते की नव्हते हा प्रश्न गौण होय. त्यांनी ते राखिले, हे मुख्य.

पुढचा थांबा विद्येचा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील आयुष्यातील स्वामी केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा येथलीच. १९१७ साली विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन शास्त्रीबोवांपाशी शिकण्यासाठी वाईस येऊन राहिले होते. धर्मकोशाचे प्रचंड कार्य येथेच आरंभिले गेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे याच पाठशाळेचे विद्यार्थी. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर त्यांनी आपले शास्त्रज्ञान गांधीजींच्या बाजूने वेचिले, आणि १९६० नंतर मराठी विश्वकोशाचा संसार याच गावी मांडला. त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. राजधानीपासून दूर, एका तालुक्याच्या गावी विश्वकोश का घडावा, या प्रश्नाचे उत्तर पाठशाळेपुढे उभे राहिल्यावाचून नीटसे उमगत नाही.

पायांत बळ असेल तर तीनएक किलोमीटरवरील मेणवलीस जावे. नाना फडणविसांचा वाडा व घाट तेथे आहे. २००४ सालच्या ‘स्वदेस’ या चित्रपटामुळे हा घाट दूरदूरच्या लोकांस ठाऊक झाला, आणि पुष्कळ प्रवासी त्याची ओळख त्याच नावाने देतात. त्यात रागावण्याजोगे काही नाही; मात्र फेरीने त्यांना तेथील घंटेपर्यंत न्यावे. तीवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यानंतर ज्या पोर्तुगीज घंटा देशावर आल्या, त्यांपैकी ही एक मानतात. भीमाशंकरास व नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही अशा घंटा आहेत. आणि येथेही पुन्हा कागदांचीच गोष्ट निघते. मेणवलीच्या वाड्यातील नानांचे दप्तर द. ब. पारसनिसांच्या परिश्रमामुळे अभ्यासकांपुढे आले.

अशी फेरी आखणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. पहिले, दंतकथा दंतकथा म्हणूनच सांगावी. वाई हीच विराटनगरी, ही कथा गोड आहे व ती सांगावीही. पण १७६२ या सालाच्या पंक्तीला तिला बसवू नये. दुसरे पथ्य अधिक कठीण आहे. आपल्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या वाड्यांचा अभिमान असतो, आणि तो अयोग्य नाही. परंतु घाटाचे चिरे ज्यांनी घडविले, होड्या ज्यांनी वल्हविल्या, मडकी ज्यांनी भाजली, त्यांच्या वस्त्यांतूनही फेरी गेली पाहिजे. आणि कोणत्या पायरीवर कोणाला उतरू देत नसत, हेही मुलांपासून लपवून ठेवू नये. अर्ध्या गावाचा इतिहास हा गावाचा इतिहास नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. देवळे आज ना उद्या कोणीतरी दुरुस्त करील; घरांचे तसे नाही. भावाभावांत वाटण्या होतात, मुले नोकरीनिमित्त दूर जातात, वाडा उतरविला जातो. तुळया व खांब जुन्या लाकडाच्या बाजारात जातात, आणि माळ्यावरचे रुमाल रद्दीत. मोडी वाचणारा घरात कोणी उरलेला नसल्यामुळे आपण नेमके काय विकले, हेही कोणाला कळत नाही. यात दुष्टावा नसतो, केवळ घाई असते. पण हानी तीच होते.

म्हणून फेरीहून परतल्यावर प्रत्येक कुटुंबाने एक काम अंगावर घ्यावे. आपल्या घरातील जुने कागद एकदा खाली काढावेत. ते उन्हात वाळत घालू नयेत, फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नये, आणि प्लास्टिकमध्ये कायमचे जडवून तर मुळीच घेऊ नयेत. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. जो कागद ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने, खळ धुऊन काढलेल्या सुती कापडात बांधून ठेवावा. कारण पुष्कळदा कागदाचा अर्थ त्याच्या शेजारच्या कागदावरून लागतो. रुमाल कोणाच्या वेळचा, कोठून आला, हे एका चिठीवर लिहून ती आत ठेवावी. हल्ली खिशातल्या फोननेही उत्तम छायाचित्र निघते, तेही घ्यावे. घरातील एका तरी मुलाने अथवा मुलीने मोडी शिकावी. मोडीचे वर्ग चालतात, आणि चार-सहा महिने नेटाने सराव केला तर आजोबांच्या आजोबांचे अक्षर ओळखू येऊ लागते.

कागदांइतकेच अगत्य घरातील वृद्ध स्त्रियांचे बाळगावे. उत्सवाची पालखी कोणत्या दारी थांबते, कोणत्या घरचा नैवेद्य कोणत्या दिवशी, कोणत्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, हे दप्तरात नसते. ते त्यांना मुखोद्गत असते. सुनांनी व नातींनी एखाद्या दुपारी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, सालासाठी त्यांना फार छेडू नये, आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे.

वाईचे नाव येथे उदाहरणादाखल घेतले. प्रत्येक गावाला रास्ते व राजवाडे लाभत नाहीत हे खरे. परंतु माळा प्रत्येक जुन्या घराला असतो. येत्या दिवाळीच्या साफसफाईत तेथील बोचके खाली आले, तर ते दाराबाहेर ठेवण्यापूर्वी एकदा सोडून पाहावे, एवढीच वाचकांस विनंती.