ओल कुठून येते?

जुलै लागला की मुंबई-कोकणातल्या घरांत पापड सादळतात, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरट लव उगवते आणि खोलीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागतात. मग उपाय सुरू होतात. त्यांतले बरेच चुकीच्या समजुतींवर उभे असतात, आणि त्यापायी पैसे जातात, ओल मात्र राहते.

सर्वांत घट्ट रुजलेला समज म्हणजे ‘खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळली की ओल जाते.’ डिसेंबरात हे अगदी खरे. भर पावसात मात्र बाहेरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. २९ अंशांच्या अशा एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम वाफ असते. एसीने २४ अंशांवर आणलेल्या हवेत २२ ग्रॅमहून अधिक वाफ मावत नाही. उरलेले पाणी थंड भिंतीवर, काचेवर, कपाटाच्या पाठीमागे बसते. म्हणून एसी चालू असताना खिडकी किलकिली ठेवू नका. पाऊस उघडून ऊन पडले की घर मोकळे करा. एरवी अंघोळीच्या आणि स्वयंपाकाच्या वेळी एक्झॉस्ट पंखा लावा. वॉशिंग मशीनमधून पिळून निघालेल्या एका खेपेच्या कपड्यांतही दोनेक लिटर पाणी उरते. ते कपडे बंद खोलीत वाळवले, तर ते सगळे तिथल्याच हवेत जाते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले, तरी मागची बुरशी कमी होते.

भिंतीवर पांढरे दिसले म्हणजे बुरशीच, असेही नाही. तो पुष्कळदा लोणा असतो: विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन वाळलेले. त्यावर थोडे पाणी शिंपडा. लोणा सहसा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. मात्र लोणा दिसला, की पाणी भिंतीच्या आतून येते आहे हे नक्की.

ओल आतून येते की हवेतून, हे घरच्या घरी कळते. ओलसर जागा कापडाने कोरडी करून हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने लावा आणि एक-दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली वाफ. भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून पाझरते आहे. मग गच्ची, बाहेरच्या भेगा, वरच्या मजल्याची मोरी, भिंतीतला नळ यांचा माग काढायला हवा.

हा माग न काढता वर ‘वॉटरप्रूफ’ रंग चढवणे ही मला सर्वांत महाग चूक वाटते. पाणी आत कोंडते आणि पोपडे पुन्हा निघतात. ब्लीचनेही मुळाशी जाता येत नाही. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, त्यामुळे ती पुसून काढावीच लागते. मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासा, कोरडी खरवडू नका. ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. डांबरगोळ्या किडे मारतात, ओल शोषत नाहीत.

२०२१ पासून ‘काळी बुरशी’ म्हटले की लोक घाबरतात. कोरोनानंतरचा तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही त्यामागची मोठी कारणे होती, आणि काळा रंग मेलेल्या ऊतींचा होता. भिंतीवरचे काळे डाग म्हणजे तो आजार नव्हे. पण दमेकरी, तान्ही मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्यासाठी कोणत्याही रंगाची बुरशी वाईटच. तिची जात तपासत बसण्यात वेळ घालवू नका.

गळती झाली तर भिजलेली गादी, गालिचा, पुठ्ठे २४ ते ४८ तासांत वाळवा. त्यानंतर बुरशी धरू लागते. आणि दिवाळीच्या रंगकामाआधी गळती बुजवून घ्या. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंगाऱ्याला काम सुरू करू देऊ नका.