दीड, अडीच आणि डच भाषेतील मोजमाप

डच भाषा शिकू लागलेला आपल्याकडील विद्यार्थी बहुधा इंग्रजीच्या वाटेने तिच्याकडे जातो. हाताशी असलेली पुस्तके इंग्रजीत, कोश इंग्रजीत, आणि दोन्ही भाषा एकाच जर्मानिक कुळातल्या. तेव्हा हीच वाट जवळची वाटावी यात नवल नाही. परंतु किती पाणी, किती बटाटे, किती वाजले हे सांगावयाची वेळ आली की ही वाट आडवळणाची ठरते. मोजमापाच्या प्रांतात मराठी भाषकाने सरळ मराठीतूनच डचकडे जावे, असे माझे मत आहे. (पुढे डच शब्दांचे उच्चार नागरीत जितके साधले तितके दिले आहेत.)

‘एन ग्लास वातर’ म्हणजे एक पेला पाणी. इंग्रजीला माप आणि वस्तू यांच्यामध्ये ‘ऑफ’ हा सांधा लागतो; म्हणून इंग्रजीवर पोसलेला विद्यार्थी येथे ‘फान’ हे अव्यय घालून मोकळा होतो, आणि चुकतो. डच भाषा मराठीप्रमाणेच माप आणि वस्तू यांना शेजारी शेजारी बसविते : ‘एन फ्लेस मेल्क’, एक बाटली दूध, ‘त्वे किलो आर्दआपलन’, दोन किलो बटाटे. भांडी अनेक झाली की त्यांचे अनेकवचन होते, ‘त्वे ग्लाझन वातर’, जसे आपले दोन पेले पाणी. वजनाचे वा लांबीचे एकक मात्र आपल्या पाच शेर, दहा मण यांप्रमाणे अविकृत राहते. ‘फेल’ हा शब्दही आपल्या ‘पुष्कळ’सारखाच : माणसे असोत की पाणी असो, तो बदलत नाही.

फारकत होते ती पैशात आणि काळात. आपण तीन रुपये, पाच वर्षे म्हणतो. डच माणूस ‘द्री यूरो’, ‘फैफ यार’ असे एकवचनच ठेवतो. तासाचेही तसेच. पण दिवस, आठवडा, महिना आणि मिनिट यांचे अनेकवचन तो न चुकता करतो : ‘द्री दागन’, ‘द्री वेकन’. वर्षाला एक न्याय आणि महिन्याला दुसरा का, या प्रश्नावर नवशिक्याने वेळ दवडू नये. हे पाठच करावे.

संख्यावाचकांत पुन्हा घरच्यासारखे वाटते. बावीस या शब्दात आधी दोन येतात, मग वीस. डचमध्येही ‘त्वे-एन-त्विन्तख’, दोन आणि वीस. पंचेचाळीस म्हणजे ‘फैफ-एन-फेर्तख’. एकोणतीस, एकोणचाळीस ही आपली वजाबाकीची रीत तेवढी तिकडे नाही. तेथे सरळ नऊ आणि वीस. लेखनात मात्र सावध राहावे. डच रीतीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात; पोत्यावर ‘१,५०० किलो’ असे छापलेले दिसले तर ते पंधराशे नव्हेत, दीडच.

हा दीड थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे. डचमध्ये त्याला ‘आन्दरहाल्फ’ म्हणतात. ‘आन्दर’ म्हणजे आज ‘इतर’, पण जुना अर्थ ‘दुसरा’. तेव्हा हा शब्द म्हणजे ‘दुसरा अर्धा’, एक पुरता झाला आणि दुसरा अर्धाच आहे. इंग्रजीत याला एक शब्दच नाही. आपल्याकडे आहे, आणि त्याची घडणही तीच : संस्कृत द्व्यर्ध, त्यापासून दीड. अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा, त्याचे अडीच झाले, अर्धचतुर्थापासून औट. पावकी, निमकी, औटकी ज्यांनी लहानपणी घोकली त्यांना हे नवे नाही. इतकेच नव्हे, दीडनंतर नाम एकवचनी ठेवण्याची रीतही समान आहे : दीड वर्ष, ‘आन्दरहाल्फ यार’.

डच घड्याळ याच हिशेबाने चालते. ‘हाल्फ द्री’, शब्दशः ‘अर्धे तीन’, म्हणजे अडीच वाजले. ‘हाल्फ फीर’ म्हणजे साडेतीन. येथे आपलीच भाषा आपल्याला दोन प्रकारे वागवते. ‘साडे’ हा सार्धाचा वंशज, म्हणजे अर्ध्यासह. ते गणित मनात धरून ‘हाल्फ फीर’चे साडेचार केले तर गाडी तासापूर्वीच निघून गेलेली असेल. अडीच आणि औट यांचे गणित धरले तर चूक होणार नाही. सव्वातीन आणि पावणेतीन यांना ‘क्वार्त ओव्हर द्री’ आणि ‘क्वार्त फोर द्री’ हे सरळ पर्याय आहेत. पण दोन वाजून पंचवीस मिनिटे झाली असता डच माणूस ‘फैफ फोर हाल्फ द्री’, अडीचला पाच कमी, असे म्हणतो. हे ऐकून समजायला काही आठवडे लागतात.

बाजारात आणखी दोन शब्द भेटतात, ‘पोन्त’ आणि ‘ओन्स’. कोश पाहून त्यांना पौंड आणि औंस समजू नये. मेट्रिक मापे आली तरी ही जुनी नावे नेदरलँड्समधील लोकांच्या तोंडी टिकली. आज पोन्त म्हणजे अर्धा किलो आणि ओन्स म्हणजे शंभर ग्रॅम. इंग्रजी औंस अवघा अठ्ठावीस ग्रॅमांचा. चार औंस समजून कोणी ‘फीर ओन्स कास’ मागितले, तर चारशे ग्रॅम चीज पदरात पडेल.

दुकानातील अशी चूक त्याच दिवशी उमगते. दप्तरातील चूक छापली जाते. वेंगुर्ल्यास डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार १६३७ मध्ये स्थापन झाली, आणि कंपनीचे दप्तर आज हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. कोकण आणि गोवे यांच्या इतिहासाचा अभ्यासक केव्हातरी सतराव्या शतकातील त्या डचकडे वळतोच. त्या काळच्या भाषेत ‘देर्दहाल्फ’ हा शब्द प्रचारात होता. आता तो लुप्त झाला आहे. ‘देर्द’ म्हणजे तिसरा. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा त्याचे साडेतीन करील, आणि मालाचा सारा हिशेब बिघडेल. तो शब्द म्हणजे आपला अर्धतृतीय, अडीच. आणि त्यापुढे पोन्त असेल तर तो आजचा अर्धा किलो धरू नये. ॲमस्टरडॅमचा जुना पोन्त सुमारे ४९४ ग्रॅमांचा होता.