सुट्टीच्या दिवशी पळस्पे फाट्यावरून बाईक काढताय? आधी दिवस निवडा, मग रस्ता

पनवेल सोडलं की थोड्याच वेळात पळस्पे फाटा येतो. इथून सरळ गेलात तर जुना मुंबई-पुणे महामार्ग, आणि दक्षिणेकडे वळलात तर मुंबई-गोवा महामार्ग. उरणच्या जेएनपीटी बंदराकडून येणारा रस्ताही इथेच येऊन मिळतो. त्यामुळे एरवी या फाट्यावर कंटेनर, एसटी, डंपर आणि टेम्पो यांची गर्दी असते. बाईकवाला कडेकडेने अंग चोरून पुढे सरकतो.

पण वर्षातले काही दिवस असे असतात की सकाळी सहाला याच फाट्यावर आलात, तर रस्ता मोकळा मिळतो. हॉर्न नाही, धूर नाही, समोर नुसता डांबराचा पट्टा. बाईक चालवण्याचं खरं सुख त्या तासा-दोन तासांत आहे. फक्त हे दिवस कुठले, हे ओळखता आलं पाहिजे.

प्रत्येक सुट्टी शांत नसते

सुट्टी म्हणजे रस्ता रिकामा, हा समज चुकीचा आहे. सुट्टीमुळे रस्त्यावरची एक गर्दी कमी होते, पण दुसरी वाढू शकते.

कमी होते ती कामाची गर्दी. तळोजा आणि पाताळगंगा एमआयडीसीतले बहुतेक कारखाने बंद, ऑफिसं बंद, शाळा बंद. त्यामुळे कंपनीच्या बस आणि मालाचे टेम्पो घटतात. बंदर मात्र चोवीस तास चालतं, म्हणून कंटेनर पूर्ण थांबत नाहीत.

वाढते ती फिरायला जाणाऱ्यांची आणि गावी जाणाऱ्यांची गर्दी. ती किती वाढणार, हे सुट्टी कुठल्या वारी येते यावर ठरतं. २०२४ साली १ मे बुधवारी आला होता. आठवड्याच्या मधली अशी एकटी सुट्टी असली की लोक लांबचा बेत आखत नाहीत. उलट २६ जानेवारी २०२६ सोमवारी आला. म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार अशी सलग सुट्टी. अशा वेळी पहिल्या दिवशी सकाळी मुंबईतून बाहेर पडणारी आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी परतणारी वाहनं याच फाट्यावर अडकतात.

गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस तर विचारूच नका. अख्खी चाकरमानी मुंबई कोकणात निघालेली असते. या काळात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घातली जाते, तरीही रांगा लागतात.

थोडक्यात सांगायचं तर मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी येणारी एकटी सुट्टी पकडा. सलग सुट्टी असेल तर मधला दिवस घ्या. आणि दोन्ही वेळा नऊच्या आत परतीला लागा.

कुठल्या रस्त्याने जायचं?

एक गोष्ट आधी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे, आणि २०२४ साली सुरू झालेल्या अटल सेतूवरही. रस्ता रिकामा दिसला तरी नियम तोच. मोबाइलवरचा नकाशा चारचाकीवर ठेवलेला असेल तर तो तुम्हाला एक्स्प्रेसवेकडे नेऊ शकतो. म्हणून निघतानाच दुचाकीचा पर्याय निवडा.

जुन्या महामार्गाने गेलात तर शेडुंग, चौक, खोपोली आणि मग बोरघाट. घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, अशी कथा सांगितली जाते. येणारे-जाणारे आजही तिथे हात जोडतात.

पण दोन तासांत घरी परतायचं असेल तर गोव्याचा रस्ता बरा. पूर्वी याला राष्ट्रीय महामार्ग १७ म्हणत, आता ६६ म्हणतात. पनवेलहून निघालेला हा रस्ता थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. आपल्याला अर्थात पेणपर्यंतच जायचंय, साधारण ३० किलोमीटर.

पळस्पे सोडलं की लगेच शिरढोण. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावात झाला. १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला निघाला असाल तर इथे दहा मिनिटं थांबण्यासारखं दुसरं ठिकाण या रस्त्यावर नाही.

पुढे कर्नाळा. १९६८ साली जाहीर झालेलं हे पक्षी अभयारण्य महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलंय. एरवी ट्रकच्या आवाजात इथे काही ऐकू येत नाही. शांत सकाळी बाईक बाजूला लावून इंजिन बंद करा, म्हणजे आपण रोज जंगलातून जात होतो हे लक्षात येतं. वर किल्ल्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा दिसतो. मग तारा, खारपाड्याला पाताळगंगेवरचा पूल, आणि पेणला गरम चहा.

रिकामा रस्ताच जास्त फसवतो

आता महत्त्वाचं. गर्दीच्या रस्त्यावर आपण आपोआप सावध असतो. मोकळ्या रस्त्यावर हात सैल पडतो आणि काटा कधी ऐंशीच्या वर गेला ते कळत नाही. वेगाची तुलना करायला बाजूला दुसरं वाहनच नसतं.

इथे साधं गणित आहे. समोर कुत्रा आला, हे दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असं धरू. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले आहेत असंही धरू.

- ताशी ४० किलोमीटर वेग : थांबायला साधारण २३ मीटर
- ताशी ६० किलोमीटर वेग : साधारण ४५ मीटर
- ताशी ८० किलोमीटर वेग : साधारण ७२ मीटर

वेग दुप्पट झाला, पण अंतर तिपटीहून जास्त वाढलं. कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पावसात हे आकडे आणखी वाढतात, आणि १५ ऑगस्ट तर ऐन पावसाळ्यातच येतो.

मग या वेगाने मिळतं काय? पळस्पे ते पेण हे ३० किलोमीटर साठच्या वेगाने अर्ध्या तासात होतात, ऐंशीने साडेबावीस मिनिटांत. म्हणजे वाचली साडेसात मिनिटं. तीही अशा दिवशी, ज्या दिवशी कुठेही वेळेवर पोहोचायचं नाही. शिवाय वेग वाढला की वाऱ्याचा विरोध झपाट्याने वाढतो आणि पेट्रोल जास्त लागतं. पन्नास-साठच्या वेगात गाडी मायलेजही देते आणि आजूबाजूचं दिसतंही.

दुसरं म्हणजे, रिकामा रस्ता फक्त तुमच्यासाठीच रिकामा नसतो. गावातली माणसं आणि गुरं निर्धास्तपणे रस्ता ओलांडतात. समोरून उलट्या दिशेने येणारा दुचाकीवालाही ‘आज कोण येतंय’ असंच म्हणत असतो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. अशा रस्त्यावर खडी, वाळू आणि अचानक येणारं वळण गृहीत धरूनच चालवावं लागतं.

निघण्यापूर्वी

हेल्मेट दोघांनाही, मागे बसणाऱ्यालाही. आयएसआय मार्क असलेलं, आणि पट्टा लावलेलं. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा. मित्रांसोबत असाल तर एकामागे एक सरळ रेषेत न चालता थोडं डावं-उजवं चाला आणि पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर ठेवा. घरी सांगून निघा. वाटेत अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे घाबरून पुढे जाऊ नका.

नऊ वाजेपर्यंत पळस्पे फाटा पुन्हा भरायला लागतो. तोवर तुम्ही घरी पोहोचून पोह्यांची दुसरी बशी मागत असाल, तर सुट्टी सत्कारणी लागली म्हणायची.