श्वासाकडे लक्ष

आमच्या मोहने गावात रात्रीचा साक्षरता वर्ग भरतो. कोणी भाजी विकून येतो, कोणी रिक्षा लावून येतो, कोणी आंबिवली स्टेशनावर उतरून घरी न जाता तसाच येतो. त्या वर्गात एक बाई आहेत. सगळा वर्ग त्यांना मावशी म्हणतो, म्हणून आपणही मावशीच म्हणू. वय पन्नाशीच्या पुढे. वाचायला त्या लवकर शिकल्या. पण लिहायला बसल्या की दोन ओळींत दमत. कपाळाला घाम येई. पेन्सिलीचे टोक तर रोज मोडे.

एकदा त्या म्हणाल्या, "गुरुजी, दिवसभर भाजीची पाटी डोक्यावर वाहते, तेव्हा एवढं होत नाही. ह्या चार अक्षरांनी छाती गच्च होते बघा."

आम्हाला वाटले, डोळे अधू झाले असतील. आम्ही त्यांना डोळे तपासायला पाठवले. चष्मा आला. वाचायला सोपे झाले, पण लिहिताना घाम तसाच. आमचे निदान चुकले होते. चाळीस वर्षे आम्ही मुलांच्या वह्या तपासल्या. वहीकडे बघायची सवय झालेली, लिहिणाऱ्याकडे बघायचे राहून गेले.

मग एके रात्री आम्ही वही सोडून मावशींकडे पाहिले. त्या 'कल्याण' हा शब्द लिहीत होत्या. पेन्सिल टेकवली आणि श्वास बंद केला. 'क' काढला, श्वास बंद. 'ल्या' काढला, श्वास बंद. 'ण' पुरा झाल्यावर मोठ्याने 'हुश्श' केले. आम्ही वर्गभर नजर फिरवली. पुष्कळ लोक तसेच करत होते. खांदे कानांपर्यंत चढलेले, दात आवळलेले आणि श्वास अडकलेला.

"मावशी, श्वास सोडा आणि मग लिहा," आम्ही म्हटले.

त्या हसल्या. "श्वास कोणी धरलाय, गुरुजी?"

त्यांना ते ठाऊकच नव्हते. आपले अंग काय करते आहे हे आपल्याला दिवसभर कळत नाही. ते कळायला कसे लागते, आणि त्यातून मन एका जागी कसे बसायला शिकते, हे आज सांगायचे आहे.

आधी श्वास चालतो कसा ते पाहू. लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. भाता उघडला की हवा आत येते, दाबला की बाहेर जाते. आपल्या छातीत दोन फुप्फुसे आहेत. ती आपली आपण हलत नाहीत. त्यांच्या खाली, छाती आणि पोट यांच्यामध्ये, स्नायूचा एक आडवा पडदा आहे. हा पडदा खाली सरकला की छातीत जागा होते आणि हवा आत येते. पडदा खाली आल्यामुळे पोट थोडे पुढे येते. पडदा वर गेला की हवा बाहेर जाते आणि पोट आत बसते. झोपलेल्या तान्ह्या मुलाकडे बघा, त्याचे पोट वरखाली होत असते. मोठी माणसे मात्र 'दीर्घ श्वास घ्या' म्हटले की छाती फुगवतात आणि पोट आत ओढतात. हे उलटे झाले.

आता थोडे गणित करू. स्वस्थ बसलेला मोठा माणूस एका मिनिटात साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. आपण १५ धरू. एका तासात १५ गुणिले ६०, म्हणजे ९००. दिवसाचे तास २४. ९०० गुणिले २४ करा. उत्तर २१,६०० येते. गंमत अशी की, जुन्या योगग्रंथांत दिवसरात्रीचे श्वास २१,६०० असेच सांगितले आहेत. त्या लोकांजवळ आजच्यासारखे घड्याळ नव्हते, पण त्यांनी लक्ष दिले होते.

श्वासात आणखी एक विशेष आहे. हृदय आपल्या हुकमाने चालत नाही. हात आपल्या हुकमाने चालतो. श्वास दोन्ही प्रकारे चालतो. आपण झोपलो तरी तो चालू राहतो, आणि मनात आणले तर त्याला हळू करता येते. सावकाश श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते. तरुण माणसाने मनगटावर बोट ठेवून पाहिले तर हे कळू शकते. म्हणून घाबरलेल्या माणसाला आपण म्हणतो, "बस, दम घे." आजीबाईंचा हा सल्ला अगदी बरोबर आहे.

श्वासाकडे लक्ष देण्याची विद्या पुष्कळ देशांत आहे. चीन देशात ताओ नावाचा फार जुना पंथ आहे. 'ताओ' म्हणजे वाट. लाओत्से हा त्या पंथाचा आद्य पुरुष मानतात. पाण्याचे उदाहरण ह्या लोकांना फार आवडते. पाणी धक्काबुक्की करत नाही, उतार मिळेल तसे जाते. आपली उल्हास नदी पावसाळ्यात कशी वागते ते आम्हाला माहीत आहे, पण एरवी हे खरे आहे. तर ताओ पंथाचे लोक सांगतात की, श्वासावर जोर करू नका. स्वस्थ बसा आणि लक्ष बेंबीच्या खाली तीन बोटांवर ठेवा. पोटातल्या त्या जागेला ते 'दानत्येन' म्हणतात. त्यातला 'दान' म्हणजे हिंगूळ, तांबडा दगड. पूर्वी त्याचे औषध करीत. आणि 'त्येन' म्हणजे शेत.

तुम्ही नुकतीच अक्षरे शिकलात, म्हणून हे अक्षर कसे काढतात तेही सांगतो. एक चौकोन काढायचा. त्याच्या मध्ये एक उभी रेघ आणि एक आडवी रेघ. चार खाचरे आणि मध्ये बांध! 'त्येन' अक्षर झाले. वर्गात फळ्यावर काढून दाखवले तेव्हा एक शेतकरी दादा म्हणाले, "हे तर आम्हाला न शिकता वाचता आलं." भाताच्या खाचरात बांध फुटला की पाणी निघून जाते. बांध नीट असला की पाणी ठरते. मनाचे पाणी ठरवायचे असेल तर जागा आधी नेमून द्यावी लागते. पोटातले हे शेत म्हणजे ती नेमलेली जागा.

इतक्या दूर जायचे नसेल तर आंबिवलीहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी धरा. लोकल कसाऱ्यापर्यंतच जाते. पुढचा घाट चढायला मोठ्या गाड्यांना मागून इंजिने जोडतात. घाट चढला की इगतपुरी. तेथे धम्मगिरी नावाचे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशात मंडाले शहरी १९२४ साली जन्मलेले व्यापारी होते. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. रंगूनला ऊ बा खिन नावाचे गुरू त्यांना भेटले. हे गुरू कोणी संन्यासी नव्हते, सरकारी हिशेबखात्यातले वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्यापाशी गोएंका ही विद्या शिकले आणि १९६९ साली भारतात येऊन शिकवू लागले. इगतपुरीला १९७६ पासून शिबिरे भरतात. गोएंका २०१३ साली वारले, शिबिरे चालू आहेत. ती दहा दिवसांची असतात. फी नाही. ज्याला पटेल तो शेवटी दान देतो. आपसांत बोलायचे नाही. पहिले तीन दिवस एकच काम असते, ते म्हणजे नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणे. ह्याला आनापान म्हणतात.

निवृत्त झाल्यावर आम्ही तेथे जाऊन राहिलो. पहाटे चारला घंटा होते. पहिल्या दिवशी गुडघे दुखले आणि मन सारखे पेन्शनच्या कागदांकडे धावले. मुलांना आम्ही 'लक्ष द्या' म्हणून किती वेळा ओरडलो असू! लक्ष द्यायचे म्हणजे काय करायचे, हे मात्र कधी शिकवले नव्हते. ही गोष्ट त्या दिवशी मनाला लागली.

आमच्या वर्गात आम्ही दोन्हीकडचे थोडेथोडे घेतले. अक्षरे काढण्यापूर्वी दहा मिनिटे बसतो. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालते. पाठ ताठ, पण काठीसारखी नाही. हात मांडीवर. डोळे मिटावे किंवा जमिनीकडे पाहावे. एक तळवा बेंबीखाली ठेवावा. श्वास आत आला की पोट हाताला लागते, बाहेर गेला की सुटते. श्वास मुद्दाम लांब करायचा नाही, रोखायचा तर मुळीच नाही. बाहेर गेला की मनात 'एक' म्हणायचे. पुढचा गेला की 'दोन'. असे दहापर्यंत, आणि पुन्हा एकपासून. मध्येच मन घरी गेले, बाजारात गेले, भांडणात गेले, तर रागवायचे नाही. गेले हे कळले की पुन्हा 'एक'. मन जाणारच. ते गेल्याचे कळणे आणि त्याला परत आणणे, हाच अभ्यास आहे. दंड काढल्यासारखा तो रोज करावा लागतो.

दहा मिनिटे होत आली की अंगाकडे एकदा वरून खाली लक्ष फिरवायचे. जबडा आवळला आहे का? खांदे चढले आहेत का? मूठ वळली आहे का? जिथे आवळलेले सापडेल तिथे सैल सोडायचे. आमच्या वर्गातल्या एका रिक्षावाल्या भाऊंना हे फार उपयोगी पडले. शहाडच्या पुलावर गाड्या अडकल्या की त्यांचे भांडण ठरलेले. पंधरा-वीस दिवसांनी ते म्हणाले, "गुरुजी, शिवी तोंडात यायच्या आधी माझे दात आवळतात. आता ते कळतं. कळलं की कधीकधी शिवी गिळता येते." कधीकधी, असे ते म्हणाले. आम्हाला ते प्रामाणिक वाटले.

काही गोष्टी नीट लक्षात ठेवा. लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढली. योगाने अंगात काय बदल होतात, हे त्यांनी यंत्रे लावून तपासायला सुरुवात केली. आम्हाला त्यांची ही रीत पसंत आहे. कारण श्वासाच्या नावावर आज वाटेल ते विकले जाते. श्वासाकडे पाहिल्याने क्षय बरा होत नाही. दोन आठवडे खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्या. ती तपासणी आणि क्षयाचे औषध फुकट मिळते. दम्याचा फवारा, रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. भराभर जोराने श्वास घेतला तर चक्कर येते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. तसे करायचे कारण नाही. कोणाला डोळे मिटल्यावर जुने दुःख दाटून येते. त्याने डोळे उघडावे, उठून चार पावले चालावे. त्यात लाज कसली? खूप त्रास झाला तर डॉक्टरांशी बोलावे.

वेळ कोणती, असे विचारतात. रोज पाळता येईल ती. पोट भरल्या भरल्या बसू नये, झोप येते. आमच्या वर्गात दोघेजण रोज झोपतात. दिवसभर राबलेली माणसे आहेत, आम्ही उठवत नाही.

मावशी आता ओळ पुरी करतात. पेन्सिल टेकवण्याआधी श्वास सोडतात. टोक अजून मोडते, पण आठवड्यातून एखादे वेळी. परवा बँकेत त्यांनी अंगठा न देता सही केली. सही करताना त्यांनी इतक्या सावकाश श्वास सोडला, की खिडकीमागच्या माणसाला वाटले, बाईंना बरे वाटत नाही. तो पाणी द्यायला उठला. हे सांगताना त्या पोट धरून हसत होत्या.

आम्ही विचारले, "आणि मोजणं? दहापर्यंत पोचता का?"

"कुठलं हो! चारवर आलं की मेथीच्या जुड्यांचा हिशेब सुरू होतो. तुमचं काय, गुरुजी?"

आम्ही सांगून टाकले की, आज सकाळी आमचे सातवर सुटले.